घूं कुठून येते?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही नाट्यगृहात, मंडपात किंवा देवळाच्या सभामंडपात जा, स्पीकरमधून येणारी ती ओळखीची घूं एकाच सुरात असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. हार्मोनियमच्या हिशेबाने ५० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारच्या खाली, अगदी तळाच्या सप्तकात. त्याच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा स्वरही तोच, एक सप्तक वर. आता काळी चारमध्ये गाणारी गायिका समोर बसली आहे असं धरा. तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास लागतो. शंभर आणि एकशेचार शेजारी शेजारी वाजू लागले की सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात. बाई बिचाऱ्या तानपुऱ्याची खुंटी पिळत राहतात आणि खर्ज काही केल्या लागत नाही. तानपुरा सुरातच असतो. बेसूर असते ती महावितरणची वीज, आणि तिला खुंटी नसते.

ही घूं आली की साउंडवाल्याला तीन सल्ले हमखास मिळतात. आवाज कमी करा. माइक बदला. तिसरा सल्ला जरा जवळ येऊन, जाणकाराच्या थाटात दिला जातो: अर्थिंग काढून टाका, लगेच जाईल. पहिल्या दोन सल्ल्यांनी काही सुधारत नाही आणि काही बिघडतही नाही. तिसऱ्याने घूं बऱ्याचदा खरोखर जाते, म्हणूनच तो इतका टिकून राहिला आहे. त्याने माणसंही गेली आहेत. घूं घालवायची तर सिग्नलच्या वाटेत काहीतरी करावं लागतं. विजेच्या अर्थला हात लावायची वेळ येत नाही, आणि कुणी आणली तर त्याला कारण अज्ञान किंवा घाई यांपैकी एक असतं.

आधी नीट ऐकावं, कारण सगळी घूं सारखी नसते. गोल, जाड, दबलेली, छातीत जाणवणारी घूं वेगळी आणि माशी बाटलीत अडकल्यासारखी कडक झर्र वेगळी. गोल घूं बहुधा चुंबकीय क्षेत्रातून येते: अ‍ॅम्प्लिफायरचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर कुणीतरी मिक्सरला टेकून ठेवलेला असतो, किंवा माइकची केबल विजेच्या केबलला लगटून पन्नास फूट पळवलेली असते. नेमकी १०० हर्ट्झची घूं असेल आणि ती अ‍ॅम्पला काहीही न जोडता येत असेल, तर अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले आहेत. रेक्टिफायर विजेच्या लाटेचा खालचा अर्धा भाग उलटा करून वर घेतो, त्यामुळे सेकंदाला पन्नासाऐवजी शंभर टेकड्या उरतात. त्या सपाट करण्याचं काम या कपॅसिटरांचं. तिथे मिस्त्रीला बोलवा, केबली हलवत बसू नका.

झर्र ही धारदार असते, कारण तिच्यात ५० हर्ट्झच्या पटीतले वरचे कितीतरी सूर मिसळलेले असतात, काही किलोहर्ट्झपर्यंत. नाट्यगृहात तिचा नेहमीचा जन्मदाता म्हणजे डिमर. हॅलोजनचे पार कॅन, म्हणजे डब्यासारखे स्टेजचे दिवे, मंद करायचे तर डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो आणि मग वीज एकदम सोडतो. दिवा अर्ध्यावर असताना ही सोडणूक नेमकी लाटेच्या शिखरावर होते. २३० व्होल्टच्या विजेचं शिखर असतं ३२५ व्होल्ट, म्हणजे शून्यावरून ३२५ वर झेप, सेकंदाला शंभरदा. म्हणून लाइटवाल्याला फक्त एवढं सांगायचं: सगळे डिमर पूर्ण वर घे, आता अर्ध्यावर आण. अर्ध्यावर झर्र वाढली आणि पूर्ण वर किंवा पूर्ण बंद केल्यावर गेली, तर चोर सापडला. लाइटवाले आणि साउंडवाले यांच्यातलं हाडवैर बरंचसं या एका उपकरणाने निर्माण केलेलं आहे, आणि त्यात चूक दोघांचीही नसते. चूक असते दोघांना एकाच बोर्डवरून वीज देणाऱ्याची.

मोबाइलची टर्र-टर्र-टर्र मात्र या कुळातली नव्हे. टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके देत बोलतो आणि ते ठोके मिक्सर पकडतो. फोन लांब ठेवा, विषय संपला.

कानाने अंदाज घेतला की मग शोध. इथे बहुतेकांची गडबड होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं घूं स्टेजवर आणि माणूस इक्वलायझरवर. इक्वलायझरने ५० आणि १०० हर्ट्झ खाली ओढले तर डग्ग्याची घुमकही त्याबरोबर जाते आणि झर्र जिथल्या तिथे राहते. त्यापेक्षा यंत्रणा अर्धी-अर्धी करत जावं. मिक्सरचा मास्टर फेडर पूर्ण खाली आणा. घूं तशीच राहिली तर ती मास्टरच्या पुढे आहे, म्हणजे मिक्सर ते अ‍ॅम्प या वाटेवर किंवा अ‍ॅम्पमध्येच. गेली तर मास्टरच्या आधी, बहुधा स्टेजच्या बाजूला. एका हालचालीत अर्धी यंत्रणा संशयातून मोकळी झाली. दोष आधी असेल तर मास्टर परत वर घ्या आणि एकेक चॅनल म्यूट करत चला. बहुतेक वेळा घूं एकाच चॅनलमधून येत असते आणि आपण उगाच सगळ्या यंत्रणेला शिव्या देत असतो.

चॅनल सापडलं की स्टेजवर जाऊन त्याची केबल यंत्रातून काढून बघायची, पण त्यात एक चकवा आहे. पाव इंची जॅक, ज्याला दुकानात पी-३८ म्हणतात, तो यंत्रातून काढून मोकळा सोडला की स्वतःच अँटेनासारखा हवेतली घूं ओढू लागतो. माणसाला वाटतं, यंत्र काढलं तरी घूं आहेच, म्हणजे केबल खराब. यासाठी पिशवीत एक डमी ठेवावी: एक साधं जॅकचं सॉकेट, त्याची आतली दोन्ही टोकं डाग देऊन एकमेकांना जोडलेली. यंत्रातून काढलेला जॅक तिच्यात खुपसायचा. घूं गेली तर केबल निर्दोष, भानगड त्या यंत्रात किंवा त्या यंत्राच्या विजेच्या जोडणीत. राहिली तर केबलमध्ये किंवा मिक्सरच्या इनपुटात. आणि काढाघालीच्या आधी चॅनल म्यूट करायला विसरू नका. फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने केबलमधूनच माइकला दिलेली वीज, चालू असताना केबल उपसली तर ४८ व्होल्टचा धडाका स्पीकरमधून निघतो आणि पहिल्या रांगेतले पाहुणे उडतात.

एक नेहमीचं उदाहरण जवळून बघू. सत्काराचा कार्यक्रम आहे, मधे सत्कारमूर्तींवरची चित्रफीत दाखवायची आहे. लॅपटॉप स्टेजच्या विंगेत, चार्जर तिथल्याच सॉकेटला. मिक्सर सभागृहाच्या मागच्या दाराशी, त्याची वीज दाराजवळच्या सॉकेटमधून. लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकातून निघालेली बारीक केबल वीसेक मीटरवरच्या मिक्सरला नेली आहे. चॅनल वर घेतलं की झर्र. कुणीतरी चार्जर उपटतो आणि झर्र गप्प. सगळे खूश होतात. बॅटरीवर चालवू, असं ठरतं. थोड्या वेळाने प्रोजेक्टरवाला येऊन आपली केबल लॅपटॉपला जोडतो आणि झर्र पुन्हा हजर. चार्जर तर निघालेलाच आहे, मग ही आली कुठून? प्रोजेक्टर छताला लटकलेला, त्याची वीज तिसऱ्याच सॉकेटमधून, त्याला थ्री-पिन प्लग. चित्राच्या केबलवर धातूची जाळी असते आणि ती प्रोजेक्टरच्या बॉडीला जोडलेली असते. चार्जर काढून तोडलेलं वर्तुळ प्रोजेक्टरने पुन्हा जोडून दिलं.

या वर्तुळालाच साउंडवाले ग्राउंड लूप म्हणतात. दोन यंत्रं, दोन वेगवेगळी सॉकेट आणि दोघांना जोडणारी एक केबल. दोन्ही सॉकेटमधली अर्थची वायर शेवटी एकाच ठिकाणी जात असली तरी त्यांची पातळी कधीच तंतोतंत सारखी नसते. पंखे, एसी, एलईडी दिवे, चार्जर, सगळेच अर्थच्या वायरीत थोडाथोडा प्रवाह गळू देतात आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. दोन अर्थमध्ये थोडा फरक पडला की त्यांच्यामधल्या केबलच्या जाळीतून प्रवाह सुरू होतो. साध्या दोन वायरींच्या केबलमध्ये ही जाळी दोन कामं करते, आवरणाचं आणि सिग्नलच्या परतीच्या वाटेचं. सगळं दुखणं या दुहेरी नोकरीत आहे. समजा, वीस मीटरच्या जाळीचा रोध अर्धा ओहम आहे आणि तिच्यातून १० मिलिअँपिअरचा फुटकळ प्रवाह वाहतोय. गुणाकार केला तर ५ मिलिव्होल्ट झाले, आणि ते थेट सिग्नलमध्ये मिसळतात. घरगुती उपकरणांचा सिग्नल साधारण ३१६ मिलिव्होल्टचा. दोघांतलं अंतर जेमतेम ३६ डेसिबल. निवेदक गप्प बसल्याक्षणी ही झर्र शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू येईल.

म्हणूनच महागडी, जाड, सोनेरी पिनांची केबल आणून उपयोग नसतो. जाळी जाड असेल तर रोध घटतो आणि थोडा फरक पडतो हे खरं, पण वर्तुळ तसंच राहतं.

या आजारावरचा खरा उपाय ध्वनिक्षेपणाच्या आधीच सापडला होता, टेलिफोनच्या तारांत. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असायची, परतीची वाट जमिनीतून. शहरांत विजेचे दिवे आणि विजेच्या ट्राम आल्या आणि त्या एका तारेवर गोंगाट माजला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ सालीच दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरण्याचं पेटंट घेतलेलं होतं. आजच्या माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये हीच कल्पना आहे. तिच्या तीन पिनांपैकी पहिलीला जाळी, दुसरीवर सिग्नल, तिसरीवर तोच सिग्नल उलटा. बाहेरून येणारी घूं पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखीच चढते. मिक्सर दुसरीतून तिसरी वजा करतो. उलटा सिग्नल वजा केल्यावर दुप्पट होतो आणि सारखी घूं शून्य होते, जसं तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन पडलं तर काटा हलत नाही. जाळी इथे फक्त आवरण असते, तिच्यावर सिग्नलची जबाबदारी नसते. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, तरी तो शंभर मीटर जातो आणि स्वच्छ पोहोचतो, तो या युक्तीमुळे.

गिटारवाल्यांनीही हीच युक्ती वेगळ्या वाटेने शोधली. एका वेटोळ्याचा पिकअप असलेली गिटार स्टेजवर घूं करते आणि वादक जागच्या जागी वळला की घूं कमी-जास्त होते. चुंबकीय क्षेत्र धरलं जातंय याची ती खूण. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळून, त्यांचे चुंबकही उलटे लावून हंबकर तयार केला. तारेचा आवाज दोन्हींत बेरीज होतो, घूं वजा होते. लव्हर यांच्या पेटंटचा निकाल लागायला १९५९ उजाडलं. तोवर त्या पिकअपच्या पाठीला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ एवढीच चिठ्ठी असायची, आणि आज त्या चिठ्ठीच्या पिकअपसाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात.

मग लॅपटॉप, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा या दोन वायरींच्या मंडळींचं काय करायचं? त्यांच्यासाठी डीआय बॉक्स. विटेएवढी लोखंडी डबी, एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला एक्सएलआर. आत ट्रान्सफॉर्मर असलेला घ्या. त्याच्या दोन वेटोळ्यांत धातूचा संबंध नसतो. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि वर्तुळ तिथे तुटतं. डबीवर एक छोटं बटण असतं, ग्राउंड लिफ्टचं. ते दाबलं की डबीच्या आत एक्सएलआरची पहिली पिन जॅकच्या बाजूपासून सुटते. विजेचा अर्थ जिथल्या तिथे राहतो, तुटते ती फक्त सिग्नलच्या केबलमधली जाळी. दाबून ऐका, काढून ऐका. जिथे शांत वाटेल तिथे ठेवा. डीआय यंत्राशेजारी ठेवायचा, मिक्सरशेजारी नाही. यंत्रापासून डीआयपर्यंत दोन मीटरची केबल आणि तिथून पुढे लांबची मजल एक्सएलआरवर, हे सूत्र. अनेकदा उलटं केलेलं दिसतं आणि मग डीआय कुचकामी असल्याचा निष्कर्ष निघतो. लॅपटॉपसाठी मिळणारे स्वस्तातले आयसोलेटर घूं काढतात हे मान्य, पण आत बोराएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. जोरात वाजवलं की ढोलकीचा खालचा भाग फाटतो. निवेदनाला चालतील, गाण्याला नकोत.

दुसरा उपाय फुकटचा आहे. साउंडची सगळी वीज एकाच ठिकाणाहून घ्या. मिक्सर मागच्या दाराशी असला तरी त्याची वायर स्टेजवरच्या त्याच बोर्डवरून, मल्टिकोरच्या, म्हणजे स्टेजवरचे सगळे सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या जाड केबलच्या, सोबत पण हातभर अंतर ठेवून आणा. दोन्ही टोकांना एकच अर्थ मिळाला की त्यांच्यातला फरक जवळपास नाहीसा होतो. छोट्या सभागृहातल्या साउंडला १६ अँपिअरचा एक पॉइंट बहुधा पुरतो. विजेची आणि सिग्नलची केबल एकमेकींना ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. आजकाल स्टेजवरचा डबा आणि डिजिटल मिक्सर यांच्यात नेटवर्कची साधी केबल असते. तिच्या दोन्ही टोकांना बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. केबल धातूच्या जाळीची नसेल तर ती जुन्या मल्टिकोरचं वर्तुळ आपोआप तोडते. डिजिटल मिक्सर घेतल्यावर घूं गेली असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याचं श्रेय बऱ्याच अंशी त्या केबलला.

सगळं एक्सएलआरवर असूनही घूं आली तर? कधी कधी येते, आणि तेव्हा दोष यंत्र बनवणाऱ्याचा असतो. १९९५ साली नील मन्सी या ध्वनितंत्रज्ञाने ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिलं की अनेक कंपन्या एक्सएलआरची पहिली पिन यंत्राच्या लोखंडी बॉडीला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडतात. मग जाळीवर आलेला सगळा कचरा बॉडीवरून बाहेर जाण्याऐवजी नाजूक सर्किटच्या मधून फिरतो. याला ‘पिन एकची समस्या’ असंच नाव पडलं. २००५ मध्ये त्याच सोसायटीने जोडणी कशी करावी याचं मानकही काढलं. बरीच यंत्रं सुधारली, स्वस्तातली सगळी नाहीत.

आता त्या तिसऱ्या सल्ल्याकडे येऊ. आपल्या थ्री-पिन प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग घालताना ती सगळ्यांच्या आधी लागावी आणि काढताना सगळ्यांच्या नंतर सुटावी म्हणून तिची तशी रचना. ती पिन कापलेले, किंवा टू-पिनचा प्लग बसवलेले अ‍ॅम्प मी मोजलेले नाहीत, कारण मोजण्यात अर्थ नाही इतके ते आहेत. मंडपांत तर प्लगच नसतो. उघड्या वायरींची टोकं सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेली असतात, आणि अर्थातच दोनच वायरी. अर्थ काढला की वर्तुळ तुटतं आणि घूं जाते. पण अर्थ तिथे कशाला होता? अ‍ॅम्पच्या आत फेजची वायर सुटून बॉडीला लागली, तर अर्थमधून प्रचंड प्रवाह वाहून फ्यूज उडावा किंवा ब्रेकर पडावा, यासाठी. अर्थ नसेल तर काहीच उडत नाही. बॉडी २३० व्होल्टवर गप्प उभी राहते, केबलच्या जाळीतून तो व्होल्टेज मिक्सरपर्यंत, मिक्सरवरून माइकच्या जाळीपर्यंत जातो, आणि घाम आलेला गायक ओठ माइकला लावतो.

१९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवर, प्रेक्षकांसमोर असाच गेला. हातात गिटार होती, माइकला स्पर्श झाला, अर्थिंग नीट नव्हतं. वय २७. दोन वस्तू, दोन वेगवेगळे व्होल्टेज आणि मधे माणूस. वर सांगितलेलं ग्राउंड लूपच ते, फक्त केबलच्या जागी हृदय.

यावरचा दुसरा पहारेकरी म्हणजे आरसीसीबी, ज्याला बाजारात अजूनही ईएलसीबी म्हणतात. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. तो असला म्हणून अर्थ काढायला हरकत नाही, असं नव्हे. अर्थ असेल तर दोष होताक्षणी तो तोडतो. अर्थ नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो.

एक लाडका गैरसमजही इथेच निकालात काढू. घूं येते म्हणजे अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे, पाणी ओता, मीठ-कोळसा घाला, किंवा साउंडसाठी वेगळा खड्डा खणा. खड्डा ओला ठेवणं चांगलंच, पण घूं जमिनीत जाऊन मुरत नाही. विमानाला खड्डा नसतो आणि तरी त्यातली घोषणा स्वच्छ ऐकू येते. घूं ठरते ती यंत्रांच्या आपापसातल्या जोडणीवर. वेगळा खड्डा खणून तो मुख्य अर्थला न जोडणं हे तर आगीतून फुफाट्यात जाणं. आता दोन अर्थमधला फरक वाढला, म्हणजे घूंही वाढू शकते. शिवाय त्या खड्ड्याचा रोध २० ओहम धरला तर दोषाच्या वेळी फार तर साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा ब्रेकर तेवढ्याने जागचा हलणार नाही.

मोठ्या कार्यक्रमांत आता आणखी एक पाहुणा असतो, एलईडी वॉल. तिच्या प्रत्येक चौकटीत एक किंवा अधिक स्विचिंग पॉवर सप्लाय, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी गोंगाट गाळणारा फिल्टर, जो थोडा प्रवाह अर्थमध्ये सोडतो. एकेकाचा १ मिलिअँपिअर धरला आणि असे ६० सप्लाय धरले तर अर्थमध्ये ६० मिलिअँपिअर सतत वाहणार. साउंड आणि वॉल एकाच आरसीसीबीवर असतील तर तो विनाकारण पडत राहील. मग कुणीतरी वैतागून तो बायपास करेल, आणि मंडपात हे होतंच. वॉलला आणि लाइटला वेगळे फेज, वेगळं वितरण द्या. अशा सप्लायमुळे १५० हर्ट्झचे प्रवाह तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येतात आणि तिथे एकमेकांना कापण्याऐवजी साठतात, म्हणून न्यूट्रल जाड हवा. न्यूट्रल सैल होऊन सुटला तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. मग घूंचा प्रश्नच मिटतो, कारण अ‍ॅम्प उरत नाही.

जनरेटरवर घूं ऐकताना एक गंमत कळते. चार पोलचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे घेतो तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. लाइटवाल्याने सगळे पार कॅन एकदम पेटवले की इंजिन क्षणभर दबतं आणि घूंचा सूरही खाली घसरतो. मिक्सर सभागृहाच्या विजेवर आणि स्टेज जनरेटरवर, अशी विभागणी मात्र करू नका. करावीच लागली तर दोन्हींचे अर्थ पक्के जोडून देणारा परवानाधारक वायरमन आधी बोलवा. हे काम साउंडवाल्याचं नाही.

माइकच्या बॉडीला टेस्टर लावून दिवा लागला की घाबरगुंडी उडते. टेस्टरचा दिवा लॅपटॉपच्या चार्जरच्या निरुपद्रवी गळतीवरही लागतो आणि कधी खऱ्या धोक्यावरही, दोन्हींतला फरक तो सांगू शकत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला किंवा कीबोर्डच्या धातूला लावा. एक-दोन व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. साठ, शंभर, दोनशे दिसले तर यंत्रं बंद करा आणि कुणाची तिसरी पिन गायब आहे ते शोधा.

आयोजकांना एवढंच सांगणं: साउंड चेकसाठी अर्धा तास द्या आणि त्या अर्ध्या तासात सगळे दिवे, एलईडी वॉल आणि प्रोजेक्टर चालू ठेवायला लावा, नाहीतर घूं दीपप्रज्वलनानंतरच कळते. साउंडला वेगळा थ्री-पिन पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या. आणि स्टेजवर एखाद्या प्लगची अर्थ पिन तुटलेली दिसली तर कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल, पण तो प्लग बदलल्याशिवाय कुणाच्याही हातात माइक देऊ नका.